दर पंधरा मिनिटांनी

पालो ब्लांको, टेक्सास
११ फेब्रुवारी २०१९

कंपाद्रे एलिसेओ बेनाविदेस यांस,

पाकिटावरचं नाव वाचून तुम्ही हे फाडून टाकलं नाहीत असं धरून लिहिते. पत्ता तुमच्या चुलतभावाकडून घेतला. द्यायला तयार नव्हता. "हर्लिंडा, त्याला आता सुखानं जगू दे," म्हणाला. मी म्हटलं, फक्त खुशाली विचारायची आहे.

तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये लागलात, हेही त्यानंच सांगितलं. लबकची थंडी तुमच्या गुडघ्यांना सोसते का? डेल्फिना बरी आहे ना? नायेलीला बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्मपिता म्हणून तुम्ही हातावर घेऊन उभे होतात आणि आपण कंपाद्रे-कोमाद्रे झालो, ती आता सतरा वर्षांची झाली. मे महिन्यात शाळा संपेल. पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात धर्मपित्याची खुर्ची मांडायची की नाही यावरून आम्ही मायलेकी भांडलो. ती जिंकली. खुर्ची मांडली, रिकामी राहिली.

इकडे प्रोबेशन खात्यात बरंच बदललंय. लँगफर्ड साहेब निवृत्त होताहेत. मी सहा वर्षं उपप्रमुख आहे, आता प्रमुखपदासाठी अर्ज केलाय. कागदांवर बसून राहिले नाही एवढं तुम्हाला सांगावंसं वाटतं. रिमांड होमच्या प्रत्येक विभागात आता दोन माणसं असतात, एकटं कुणीच नसतं. प्रत्येक खोलीत घंटेचं बटण बसवलं. दम्याच्या मुलांचे पंप कुलपात ठेवत नाहीत. ज्यांच्या घरी कुणी नीट बोलत नाही अशा मुलांच्या आईबापांनाच आम्ही आता बोलवून मुलांशी बोलायला बसवतो. या काउंटीत वर्षाला जेवढी मुलं कोंडली जायची त्याच्या निम्मीही आता कोंडली जात नाहीत.

नेमणूक न्यायाधीशांचं बोर्ड करतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या हाताखाली काम केलेल्या लोकांना ते फोन करून विचारतात. तुमचं नाव यादीत आपोआप येतं. फोन आला तर तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा. जुनं उगाळून कुणाचं भलं होत नाही, असं तुम्हीच मला एकदा म्हणाला होतात.

डेल्फिनाला नमस्कार.

तुमची कोमाद्रे,
हर्लिंडा कांतू


५ मार्च २०१९

कंपाद्रे,

तुमचं उत्तर नाही. मी वाट पाहत नव्हते असं लिहिणार होते, पण पाहत होते.

काल सकाळी खालच्या नोंदणी खिडकीवरून फोन आला. "मॅडम, एक बाई फार आरडाओरडा करतेय. वरचं कोण असेल त्याला बोलवा म्हणते." मी खाली गेले. सानहुआना सेपुल्वेदा होती. अदानची आई.

ती अंगानं भरलीय, केस आखूड कापलेत, तरी मी पाहताक्षणी ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही. ओळखणार तरी कशी? त्या वेळी सगळ्या सुनावण्यांत तिच्यासमोर तुम्ही होतात. मी कुठेच नव्हते.

तिच्या धाकट्याला पोलिसांनी आणलं होतं. उरीएल त्याचं नाव. थोरला गेला तेव्हा चार वर्षांचा होता, आता तेरा. शाळेच्या बसवर दगड मारला, काच फुटली, ड्रायव्हरच्या कपाळाला खोक पडली. गुन्ह्याला गुण देऊन पोराला कोंडायचं की नाही ते ठरवणाऱ्या आमच्या कागदाप्रमाणे त्याला दुसऱ्या दिवशी न्यायाधीशासमोर उभं करेपर्यंत आत ठेवायला हवं होतं. खिडकीवरच्या मुलीनं तिला तेच सांगितलं होतं.

"एक तास नाही," सानहुआनाबाई म्हणाली. "एक मिनिट नाही. माझा एक पोरगा तुम्ही घेतलात. हा मी देणार नाही. त्याच्याऐवजी मला टाका आत."

"बसा, सानहुआनाबाई."

"बसायला नाही आले मी! माझं पोर कुठाय?"

तो आत बाकावर बसला होता. बुटांच्या नाड्या काढून घेतलेल्या, त्यामुळे पाय जमिनीला घट्ट टेकवून. थोरल्याचीच जिवणी. मी कागद मागवला, गुणांची बेरीज खोडली आणि खाली लिहिलं, उपप्रमुखांच्या अधिकारात घरी सोडत आहे. सही केली. तिला म्हटलं, "उद्या नऊला कोर्टात. तोवर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही यानं."

पोरगा वाकून नाड्या ओवायला लागला. त्याला जमेना. आईनं गुडघ्यांवर बसून ओवून दिल्या. मग उठली आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"त्या रविवारी तुमच्यासारखी बाई इथे असती ना," ती म्हणाली, "तर माझा अदान आज तेवीस वर्षांचा असता."

मी हात सोडवून घेतला नाही.

"मी रोज सकाळी दोन मेणबत्त्या लावते, बाई. एक अदानची. दुसरी त्या बेनाविदेसची. त्याला जन्मात कधी शांत झोप लागू नये म्हणून. पाप आहे, फादर मला ओरडतात. पण लावते."

मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "उद्या नऊला. उशीर करू नका."

हर्लिंडा


१७ मार्च २०१९

कंपाद्रे,

पहिल्या पत्रात खुशाली विचारली ती खोटी नव्हती, पण पत्र खुशालीसाठी नव्हतं. बोर्डाचा फोन आला तर तुम्ही गप्प राहावं म्हणून लिहिलं होतं. तुम्हाला ते पहिल्या दोन ओळींतच कळलं असेल. तुम्ही माणसं वाचण्यात माझ्यापेक्षा नेहमीच हुशार.

आता जे घडलं ते नीट लिहिते. तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. मी ते कधी कागदावर ठेवलेलं नाही.

११ एप्रिल २०१०. ईस्टरनंतरचा रविवार, भेटीचा दिवस. मेस्किटची झाडं मोहरली होती, निम्मी पोरं शिंकत होती. त्या पाळीची प्रमुख मी. दोन माणसं आली नव्हती. ब विभागात तुम्ही एकटे, दहा मुलं. फाटकाशी रांग वाढत चालली होती, म्हाताऱ्या बायका उन्हात ताटकळत होत्या. मी वॉकीटॉकीवर म्हटलं, "बेनाविदेस, भेटीच्या दालनाकडे या."

तुम्ही विचारलंत, "इथे कोण येतंय?"

"कुणी नाही. पाचदहा मिनिटांचं काम आहे."

"आणि तक्ता?"

"मागाहून भरा."

दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक दाराच्या काचेतून आत पाहायचं आणि तक्त्यावर वेळ घालून सही करायची, हे नव्या लोकांना कोण शिकवत असे? मीच.

पाचदहा मिनिटांची चाळीस झाली. त्या वेळात तुम्ही ज्यांच्या पिशव्या तपासल्यात त्यांत सानहुआनाबाई होती. तिनं तुम्हाला विचारलं, त्याचा पंप त्याच्याजवळ आहे ना? तुम्ही म्हणालात, आमच्याकडे नीट ठेवलाय. तो औषधांच्या कपाटात कुलपात होता, नियमाप्रमाणे. आणि अदान चार नंबरच्या खोलीत.

चौकशीत तुमचा तक्ता म्हणत होता तुम्ही विभागात होतात, आणि फाटकाची वही म्हणत होती तुम्ही फाटकावर होतात. दोन्हींवर तुमचीच सही. वॉकीटॉकीवरचं बोलणं कुठे राहत नाही. त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये तुम्हीच मला म्हणालात, "वॉकीटॉकीचं काढू नका, कोमाद्रे. तुमचा नवरा जाऊन वर्ष झालं नाही, पदरात पोर आहे. मला फार तर महिनाभर घरी बसवतील. जुनं उगाळून कुणाचं भलं होत नाही."

महिनाभरावर भागलं नाही. नोकरी गेली. सरकारी कागद खोटा केल्याचा गुन्हा लागला. जन्मभर दुसऱ्यांची पोरं प्रोबेशनवर सांभाळणारा माणूस स्वतः वर्षभर प्रोबेशनवर हजेरी लावत राहिला. तुमच्या खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तुम्ही बाकावर बसला होतात आणि दार वाजलं की मान वर करत होतात. मला हे कसं ठाऊक? मी समोर रस्त्यापलीकडे गाडीत बसले होते. काचेच्या दारातून तुम्ही दिसत होतात. दोनदा मी गाडीचं दार उघडलं. दोनदा लावून घेतलं.

अजून एक आहे, ते तुम्हालाही माहीत नाही.

सहा नंबरच्या खोलीतल्या मुलाचा जबाब पाळीची प्रमुख म्हणून मी घेतला होता. तो म्हणाला, "मॅडम, तो दार वाजवत होता. मग आम्ही सगळ्यांनी वाजवलं. कुणीच आलं नाही." मी विचारलं, किती वेळ? त्याच्या खोलीतून कॉरिडॉरचं घड्याळ दिसायचं. "अकरा मिनिटं. मग त्याचं थांबलं. आम्ही नाही थांबलो." मी ते लिहून घेतलं आणि अहवालात घातलं नाही. अहवालात मी लिहिलं, झोपेत दम्याचा झटका येऊन मृत्यू, मदतीसाठी हाक मारल्याची नोंद नाही. झोपेचं खोटं, पण नोंदीचं खोटं नाही, बघा. नोंद करणारी मीच होते.

गुरुवारी बोर्डासमोर मुलाखत आहे. मी तिथे सांगणार आहे. सगळं.

हर्लिंडा


२२ मार्च २०१९

कंपाद्रे,

सांगितलं नाही.

पाच न्यायाधीश होते. त्यांतले म्हातारे न्यायाधीश प्रेमानं म्हणाले, "त्या मुलाच्या प्रकरणानंतर तुम्ही हे खातं उभं केलंत, मिसेस कांतू. ते प्रकरण आता मागे पडलं, असं समजायचं ना?" तोंड उघडलं तेव्हा मला खरंच वाटलं होतं की मी बोलेन. मी म्हटलं, "हो, सर."

एकमतानं नेमणूक झाली. एक मेला शपथ. ऑफिसात मुलींनी केक आणला होता. नायेलीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "पपा असते तर नाचले असते."

तुम्हाला हे कशाला कळवते? दुसऱ्या कुणाला कळवता येत नाही म्हणून.

ह.


लबक
३० मार्च २०१९

कोमाद्रे,

चारही पत्रं मिळाली. जिनिंगच्या पत्त्यावर पाठवली असती तर बरं झालं असतं. घरी आली, पहिलं डेल्फिनाच्या हाती पडलं. ती म्हणाली, "हिला आता काय पाहिजे, तुझी किडनी?" तिला राग आहे. ती या घरात तुमचं नाव घेऊ देत नाही. म्हणून हे मी गाडीत बसून लिहितोय, अक्षर लावून घ्या.

मला फोन आला होता. मी म्हटलं, बाई कामाला वाघीण आहे, पुढे मला काही माहीत नाही. तुमच्यासाठी नाही म्हटलं. त्या पोरांसाठी म्हटलं. दुसरा कुणी आला तर घंटेची बटणं काढून टाकील.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही गाडीत बसला होतात. मला दिसली होती गाडी. तुमचा तो लाल फोर्ड, मागचा दिवा फुटलेला. मी मान वर करायचो ती दारासाठी नाही.

पण एक ऐका. तक्ता माझ्या हातानं भरला. माझा हात कुणी धरला नव्हता. आणि तुम्ही बोलावलंत तेव्हा निघताना मी चार नंबरच्या काचेतून पाहिलं होतं. पोरगा खाटेवर वाकून बसला होता. त्यानं मला बघून हात वर केला. मला वाटलं, माझी भेट कधी म्हणून विचारतोय. मी त्याला पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. त्यानं मान हलवली, हो म्हणाला. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, कोमाद्रे. कुलूप, कपाट, तुमचा वॉकीटॉकी हे सगळं मनात फिरवून झालं. ती पाच बोटं जात नाहीत. हे मी डेल्फिनालासुद्धा सांगितलेलं नाही.

मला माफी नको तुमची. कामाच्या वेळी आली नाही, आता ठेवायची कुठे? आणि तुम्ही ही पत्रं चुकीच्या पत्त्यावर टाकताय. मला जे कळायचं ते मला ठाऊक आहे, एक त्या अकरा मिनिटांचं सोडून. ते कळल्यावर मी दोन दिवस कामावर गेलो नाही. ज्या बाईला काहीच ठाऊक नाही ती तुमच्या गावात राहते, तिच्या घरी जायला तिकीट लागत नाही. जा आणि सांगा. पाच बोटांचंही सांगा. माझ्या वाटणीचं लपवू नका. वाटलंच तर हे पत्र तिला वाचायला द्या.

नायेलीला माझा आशीर्वाद. तिची काही चूक नाही.

एलिसेओ बेनाविदेस


१५ एप्रिल २०१९

कंपाद्रे,

सहा तारखेला शनिवारी सकाळी गेले. उरीएल शाळेच्या शिक्षेचं काम करायला गेला होता, बस धुवायला. ती एकटीच होती, मागच्या ओट्यावर बसून निवडुंगाच्या पानांचे काटे खरवडत होती. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस ना, त्यांची भाजी करतात. मला पाहून दचकली. "काय केलं त्यानं?"

"त्यानं काही नाही," मी म्हटलं. "मी केलंय."

तिनं मला बसायला सांगितलं नाही, म्हणून उभ्यानंच सांगितलं. त्या पाळीची प्रमुख मी होते, इथून सुरुवात केली. मधे कुठे थांबले असते तर पुढे जाता आलं नसतं. वॉकीटॉकी, तक्ता, कपाट. ती सुरी चालवत राहिली. सहा नंबरच्या मुलाचं सांगितलं तेव्हा हात थांबला.

"वाजवत होता?"

"हो."

"किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

तिनं सुरी पानावर आडवी ठेवली. शेजारच्या अंगणात कुणीतरी गाडी सुरू करत होतं, होत नव्हती. 

"मला सांगितलं झोपेत गेला," ती म्हणाली. "नऊ वर्षं मी सगळ्यांना तेच सांगते. कब्रस्तानात, चर्चमध्ये. माझ्या आईला ती मरताना तेच सांगितलं. पोराला कळलंसुद्धा नाही म्हणून." मग म्हणाली, "मी रांगेत होते. भिंतीच्या अलीकडे. कुठेतरी काहीतरी वाजतंय असं वाटलं होतं मला. मी पुढच्या बाईला म्हटलंही, दुरुस्ती चाललीय का रविवारची?"

मी तुमचं पत्र पुढे केलं. तिनं घेतलं नाही. "वाचा," म्हणाली. मी पाच बोटांचा भाग वाचला. ऐकताना तिनं आपला हात मांडीवरून उचलला, बोटं पसरली आणि त्याच्याकडे पाहत बसली. बोटांना काट्यांची कुसळं लागली होती.

मी माफी मागितली. मागायला नको होती, ती माझ्या सोयीची होती. तिनं ऐकलीही नाही बहुतेक.

"हे आता सांगितलंत," ती म्हणाली, "म्हणजे तुमचं ओझं उतरलं. आणि माझ्याकडे एक झोप होती त्याची, ती तुम्ही घेऊन चाललात."

मी पत्राची घडी केली आणि निघाले. 

सोमवारी मी म्हाताऱ्या न्यायाधीशांकडे सही केलेला जबाब दिला, सहा नंबरच्या मुलाच्या जुन्या कागदासकट. तो कागद मी घरी ठेवला होता, फाडायचं धाडस झालं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पूर्ण वाचला. म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं." मी म्हटलं, "हो, सर." दुपारपर्यंत नेमणूक रद्द झाली, माझी किल्ली आणि बिल्ला घेतला. वकील म्हणतो, गुन्हा लागेल की खटल्याची मुदत उलटलीय ते बघावं लागेल, तोवर कुणाशी बोलू नका, पत्रं लिहू नका. हे पत्र त्याला दाखवणार नाही. खात्यात आता बाहेरचा माणूस येईल. बटणं ठेवा, एवढं मी लँगफर्ड साहेबांना तीनदा म्हटलं. ते माझ्याकडे न पाहता हो म्हणाले.

नायेलीला रात्री जेवताना सांगितलं. ती ताटावरून उठली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "म्हणजे ते माझ्यासाठी गप्प राहिले?"

मी म्हटलं, "नाही. ते एक दिवस तुझ्यासाठी गप्प राहिले. नंतरची नऊ वर्षं माझ्यामुळे."

तिनं ते ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही ते सांगता येत नाही. आता माझ्याशी कामापुरतं बोलते.

शनिवारचं एक सांगायचं राहिलं. मी फाटकाशी पोचले होते, तेवढ्यात सानहुआनाबाईनं मागून हाक मारली. तिच्या हातात चर्चचं पत्रक होतं आणि पेन्सिल. "त्या माणसाचा पत्ता द्या."

कशाला, असं विचारायचा मला हक्क नव्हता. मी सांगत गेले, ती फाटकाच्या खांबावर कागद धरून लिहीत गेली. सावकाश लिहिते ती, एकेक अक्षर पाहून. गाव झालं, रस्ता झाला, घराचा आकडा झाला. मग नावापाशी आली आणि थांबली. बेनाविदेसचं पहिलं अक्षर ब की व, आपल्या बोलण्यात दोन्ही सारखेच, म्हणून तिनं मला विचारलं. मी सांगितलं. मधलं अक्षर पुन्हा विचारलं. रोज सकाळी उठून जे नाव घेते, ते तिनं आजवर कधी लिहिलं नव्हतं.

हर्लिंडा